यादीत राहून गेलेली पोर

तडजोडीच्या बैठकीत मला एकच गोष्ट मागायची होती: शनिवार-रविवार पोर माझ्याकडे, शेणव्याला. बायको वर्षभर म्हशाला, माहेरी. पोरही तिच्याजवळच. वकिलांनी बजावलं होतं, "काय हवं ते कागदावर लिहून आणा. बोलायला लागलात की भडकता तुम्ही." खोटं कशाला बोलू, भडकतोच.

आदल्या रविवारी थोरले काका आले आणि आम्ही पेटीतून लग्नाची यादी काढली. लग्न ठरवताना दोन्हीकडची मंडळी काय द्यायचं-घ्यायचं ते लिहून सह्या करतात, तो कागद. काका म्हणाले, "ह्याच्यावरूनच उतरव रे. एक वस्तू सुटायची नाय." मग काय, मीही पेटलो! कपाट कुणाचं, भांड्यांची मांडणी कुणाची, तासभर डोकं फोडलं. तांब्याच्या घंगाळावर कोरलेलं नाव राखेनं घासून वाचलं. बायकोच्या मामाचं निघालं, तरी माझ्या बाजूला लिहिलं. का? जिरवायची होती तिची, दुसरं काय! दोन पानं भरली आणि मोठ्या ऐटीत कोर्टात गेलो.

मध्यस्थ बाईंनी माझी दोन्ही पानं वाचली आणि मान वर केली. "यात मुलीचं काय?"

मी पानं उलटीपालटी केली. लग्नाच्या यादीत पोर कुठून असणार? ती तर नंतर झाली. मी गाढवासारखं तेवढंच उतरवलं होतं. "राहिलंच," म्हणालो. देवाशपथ, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बायकोचा कागद एकच, वहीतून फाडलेला. त्यावर सगळं पोरीचंच: शाळा, दम्याचा पंप, झोपताना दिवा चालू ठेवायचा. खाली लिहिलं होतं, 'शनिवार-रविवार पप्पांकडं.' मी मागायच्या आधीच दिलं होतं तिनं.

"घंगाळ बरं आठवलं तुमाला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. टेबलावरचं पेन उचललं आणि 'शनिवार' खोडला.

एरवी मी टेबलावर मूठ आपटली असती. त्या दिवशी गुमान सही केली.

आता पोर रविवारी येते. शनिवारी तिची सकाळची शाळा असते, साडेदहाला सुटते. त्या वेळेला मला घरात बसवत नाही.