पुसलेले वर्तुळ

दाजी कोळ्याची मालू पदविका घेऊन डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कचेरीत नोकरीस लागली, तेव्हा ती तिथे नेमके काय करते हे बाळकुमच्या कोळीवाड्यात कोणालाच सांगता येईना. तिची आई शेवंती विचारणाऱ्याला ठसक्यात सांगे, "पंपाची चित्रं काढते."

ते अर्धे खरे होते. पंपाचे कवच दाब सोसेल की फुटेल, हे लोखंड ओतण्याआधी संगणकावर पाहता येते. मात्र त्यासाठी त्या आकाराचे लहान लहान तुकडे पाडून ते एकमेकांशी विणावे लागतात. या विणीला कचेरीत मेश म्हणत. मेश बिनसली की संगणक हट्टी बैलासारखा जागीच बसे. तो कुठे अडला ते हुडकून त्याला उठवणे, हे मालूचे काम. कुठे अरुंद खाच असली की तिथले तुकडे चेपत, उलटे होत. मग खाच बुजवायची, कड घासून गुळगुळीत करायची, की बैल उठलाच. यात तिचा हात असा बसला होता की तिला विचार करावा लागत नसे.

१९९७च्या हिवाळ्यात तिच्या टेबलावर पंपाऐवजी माणसाची रक्तवाहिनी आली.

ठाण्याच्या एका रुग्णालयातील डॉक्टर गुर्जर हे कचेरीचे मालक तुंगारे यांचे वर्गमित्र. त्यांच्याकडे कळव्याचे गोमाजी नावाचे एक वृद्ध रुग्ण होते. पोटातली मोठी धमनी फुग्यासारखी वाढलेली, आणि हृदय थकलेले. शस्त्रक्रिया करावी तर भुलीतच जाण्याची भीती, न करावी तर फुगा फुटण्याची. भिंतीवर ताण किती येतो याचा अंदाज मिळाला, तर थांबायचे की कापायचे हे ठरवण्यास मदत होणार होती.

पोटाचे आडवे छेद दाखवणाऱ्या फिल्मा मालूने उजेडाच्या काचेवर ठेवल्या, आणि प्रत्येक फिल्मेवरची धमनीची कड गिरवून संगणकात उतरवली. वर्तुळावर वर्तुळ रचत गेले की धमनी उभी राहायची. पण मेश एकाच जागी पुन्हा पुन्हा मोडू लागली. तिथल्या वर्तुळाला एका बाजूने खोल खाच होती, आणि त्याखालच्या फिल्मेत मोठ्या वर्तुळाशेजारी एक लहानसे वर्तुळ सुटे पडले होते. ते कशाला जोडायचे, हे संगणकाला उमजत नव्हते. मालूलाही नाही.

तुंगारे तिच्या खांद्यावरून डोकावले. "हे पिल्लू कुठलं?"

"कळत नाही, सर. डॉक्टरांना विचारू का?"

"आतड्याची घडी असेल. अगं, पंपाच्या चित्रात असे सुटे बुडबुडे दिसतात, तेव्हा काय करतेस? पूस ते. वरची खाच घासून घे. गुर्जर रोज फोन करून माझं डोकं खातोय."

मालूने ते वर्तुळ पुसले, खाच बुजवली. मेश झटकन तयार झाली. ताणाचे चित्र उमटले, ते सगळीकडे शांत निळे. तुंगाऱ्यांनी "शाब्बास!" म्हणून ते त्याच दुपारी ठाण्याला धाडले.

रविवारी ती बाळकुमच्या धक्क्यावर उभी होती. दाजी आणि तिचा भाऊ चंदू डोलीचा खोला, म्हणजे जाळ्याच्या टोकाची मासळी साठणारी पिशवी, दोराने वर ओढत होते. जाळे जुने होते. वर येताना खोल्याच्या कुशीला एके ठिकाणी वीण सैलावली, तिथून मासळीचा एक फुगा बाहेर आला आणि स्वतःच्या वजनाने खाली लोंबून मोठ्या पिशवीला बिलगला. चंदू तो सावरायला पुढे झाला.

"हात नको लावू, येड्या!" दाजी ओरडले. "फुगलाय तिथूनच जाणार तो."

मालू त्या फुग्याकडे पाहत राहिली. याला आडवा छेद दिला तर वर, जिथे तो पिशवीला धरून आहे, तिथे खाच दिसेल. आणि खाली, जिथे तो नुसताच लोंबतो आहे, तिथे? तिथे मोठ्या वर्तुळाशेजारी एक लहान वर्तुळ, सुटे.

वीण उसवली. मासळी धक्क्यावर सांडली, आणि दाजी बोटीच्या मालकापासून वाऱ्यापर्यंत सर्वांना शिव्या देऊ लागले. मालूला त्यातले काही ऐकू आले नाही.

सोमवारी सकाळी कचेरी उघडताच तिने पुसलेले वर्तुळ परत आणले. या वेळी खाच बुजवली नाही. उलट तिथले तुकडे आणखी बारीक करून फुग्याच्या मानेभोवती दाट वीण घातली. मेश टिकली. ताणाचे चित्र उमटले तेव्हा सारी धमनी निळी होती, फक्त ती मान कुंकवासारखी लाल.

तिने रुग्णालयात फोन लावला. डॉक्टर गुर्जर शांतपणे ऐकून घेत होते. "मी त्यांना शनिवारी घरी सोडलं," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी या म्हटलं. त्यांच्या घरी फोन नाही. इथली रुग्णवाहिका बाहेर गेलीय. पत्ता देतो, तुम्हीच त्यांना घेऊन या. त्यांना चालू देऊ नका."

कळव्याच्या चाळीत गोमाजी नळावरची भरलेली कळशी उचलून उंबऱ्याशी पोचले होते.

"ठेवा ती खाली, बाबा!" मालूचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"कोण गं बाय तू?" ते हसले. "डॉक्टर बोलला ना, काय बी नाय. फोटू निळा आलाय म्हणं."

"तो फोटो चुकला होता. मीच काढला होता. चला माझ्याबरोबर."

त्यांनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळले. परकी पोर असे खोटे बोलायला कशाला येईल, असा काहीसा हिशोब त्यांच्या मनात झाला असावा. टोपी घालून ते निघाले. रिक्षावाल्याला तिने तीनदा बजावले, "हळू चालव रे." प्रत्येक खड्ड्याला ती स्वतःचेच पोट आवळून धरत होती.

पुलावर गोमाजी सहज म्हणाले, "पोटाचं काय नाय मना. कंबर तेवढी धरलीय कालपासून."

हेच वाक्य त्यांनी रुग्णालयात पुन्हा उच्चारले, आणि कंबरेतली कळ ही फुगा फुटू लागल्याची खूण असते हे जाणणाऱ्या डॉक्टर गुर्जरांनी तिने पुढे केलेल्या लाल चित्राकडे न पाहताच स्ट्रेचर मागवले.

गोमाजी शस्त्रक्रियेतून वाचले. "फुग्याची मान बोटाखाली कागदासारखी लागत होती," असे डॉक्टर नंतर म्हणाले. कोळीवाड्यात मालूचे कौतुक झाले. शेवंतीने गोमाजींच्या घरून आलेला नारळ देवापुढे फोडला. तुंगाऱ्यांनी पुसलेल्या वर्तुळाचा विषय पुन्हा काढला नाही.

मालू मात्र त्या आठवड्यात कपाटातली जुनी कामे काढून बसली. कुठे खाच होती, कुठे बुडबुडा होता, कुठे तिने कड घासली होती, हे आता चित्रावर दिसत नव्हते. घासलेले दिसू नये यातच तर तिचे कसब होते. ते पंप केव्हाच ओतले गेले होते, बसवले गेले होते. त्यांतले कितीतरी याच वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यांत, कुठल्या ना कुठल्या भिंतीआड दाबाखाली चालू होते.

दुपारी पाळी बदलल्याचा भोंगा झाला. कचेरीतल्या इतरांनी डबे उघडले. मालू भोंगा थांबेपर्यंत मान वर करून ऐकत राहिली, आणि तो थांबल्यावरही.