मामांचा कोरडा गळ

माणसं सापाला भितात, सासुरवाडीला भितात, कारखान्यात फोरमनला भितात; आमच्या हिचे मामा उभ्या आयुष्यात फक्त गंजाला भ्याले. मालवणकडच्या खाडीकाठी त्यांचं बालपण गेलं, आणि तिथल्या खाऱ्या वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत दाराच्या बिजागऱ्या, विहिरीची कप्पी, वडिलांचे मासे धरायचे गळ, सगळं खाऊन टाकलं. तेव्हा समुद्रापासून जमेल तितकं लांब पळायचं म्हणून ते तरुणपणी चिंचवडला आले आणि एका कारखान्यात चिकटले. साहेबानं त्यांना नेमून दिलं ते नेमकं मिठाच्या पेटीवर. मुलामा दिलेले सुटे भाग या पेटीत टांगायचे, आत खाऱ्या पाण्याचा फवारा सोडायचा आणि ते किती तासांनी गंजतात हे पाहत बसायचं. ज्याच्यापासून पळाले त्याचीच मामांनी निवृत्तीपर्यंत चाकरी केली.

याचा सूड ते घरी उगवत. मामांना गळ टाकून मासे धरायचा नाद होता, निदान ते तसं सांगत. खरं म्हणजे नाद होता गळ पुसायचा. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, बुचांना टोचलेले चाळीसेक गळ, शाळेत प्रार्थनेला उभं करावं तसे उंचीप्रमाणे लावलेले असत. ओल शोषून घ्यायला खडूचे तुकडे आणि तांदळाची पुरचुंडी. खडू ते शेजारच्या मास्तरांकडून मागून आणत, तांदूळ मामींच्या डब्यातून न मागता. आमचं लग्न नवीन होतं तेव्हा मी एकदा चहाची बशी खाली ठेवून कौतुकानं एक गळ उचलला. मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"जावयबापू, हात पुसलात?"

"कोरडेच आहेत की, मामा."

"घाम म्हणजे खारा पाणीच मां!" म्हणाले, आणि माझ्यादेखत तो गळ त्यांनी घासलेटात बुचकळला, फडक्यानं पुसला, शिवणयंत्राचं तेल लावून परत जागी टोचला. पुढं सणावाराला गेलो की दारातच ते माझ्यापुढं टॉवेल धरत. ही बिचारी माहेरचं आदरातिथ्य म्हणून खूश होई.

दुसऱ्याच्या घरचा गंजही त्यांना बघवत नसे. आमच्या मुलाच्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि मामांचं लक्ष पाळण्याच्या कडीवर. दुसऱ्या कडव्यालाच त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं, स्टुलावर चढले, खिशातून पॉलिशपेपर काढला आणि कडी घासायला लागले. वर गंज सुटावा म्हणून कोकमाचं पाणी मागितलं, मग तेल मागितलं. पोराचं नाव पाऊण तास लांबलं. घुगऱ्यांची वाट बघणाऱ्या आमच्या काकूंनी मामांना जन्मभर माफ केलं नाही. कडी मात्र आजही चकचकीत आहे, हेही सांगायला हवं.

मामींची एकच इच्छा होती: नवऱ्यानं स्वतः धरलेला एक तरी मासा खायचा. लग्नात मामांनी तसा शब्द दिला होता. म्हणून दर रविवारी मामा सायकलवरून रहाटणीला पवनेच्या काठी निघाले, की मामी ओलं खोबरं, मिरच्या आणि तिरफळं घेऊन पाट्यावर बसत. बारा वाजता मामा परत येत. डब्यातले गळ लखलखीत, पिशवी रिकामी.

"आज पण बटाटोच गावलो?" मामी विचारत, आणि ते वाटण बटाट्यांना लावत. तिरफळ घातलेलं तसं बटाट्याचं तिखलं आमच्या सबंध गोतावळ्यात कुणाला जमलं नाही. जमणार कसं? इतकी वर्षं सराव कुणाला मिळाला होता?

एका रविवारी मी मुद्दाम बरोबर गेलो. मामांनी गळ पाण्यात टाकला, पाच मिनिटांत वर ओढला, पुसला, भिंगातून पाहिला, तेल लावलं, नवा गांडूळ लावून पुन्हा टाकला. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. शेजारी म्हशी धुणारे एक म्हातारबाबा बराच वेळ हे बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"काका, राग नगा मानू, पर तुमच्या गळाला घासलेटाचा वास मारतुया. मासा काय इंजान हाय व्हय, घासलेट प्यायला?"

मामा तडक उठले. "म्हशीवाल्याक मासळीतला काय कळता!" असं वाटभर पुटपुटत राहिले. पण घरी आल्यावर त्यांनी एक गळ हळूच नाकाशी नेलेला मी पाहिला.

तरी सवय सुटली नाही. निवृत्ती आली, गावी परतायचं ठरलं, सामान बांधून झालं. जायच्या आधीचा रविवार उजाडला. आम्ही दोघं भेटायला गेलो, तर मामी पाट्यावर नव्हत्या. पाटा भिंतीला टेकून उभा.

"मामी, वाटण?" हिनं विचारलं.

"बटाट्याक कित्याक होया वाटण? उकडून खावया," मामी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. त्यांचं ते बोलणं मला फार लागलं. मामांनाही लागलं असणार, कारण ते दारातच थबकले. मग त्यांनी डबा उघडला, एक गळ काढला आणि सरळ मोरीत जाऊन शिकेकाईनं धुतला. पाण्यानं! हिनं माझा दंड घट्ट धरला. फडकं नाही, तेल नाही, तो एकच गळ घेऊन ते निघाले. मीही मागोमाग गेलो.

दोन तास गळ पाण्यात होता. मामांचा हात दर पाच मिनिटांनी फडक्यासाठी खिशात जाई आणि रिकामा बाहेर येई. मग दोरी ताणली गेली, आणि वर आली वीतभर मासळी.

"आता कसं!" म्हातारबाबा म्हशीआडून ओरडले.

मामी भर दुपारी पाटा आडवा करून वाटायला बसल्या. वीतभर मासा आणि खाणारे चौघं. आमच्या वाट्याला रस्साच आला. मामींनी पहिला घास खाल्ला. मग "काटे खूप आसत," म्हणून पदरानं डोळे पुसले. मामा त्यांच्याकडं नुसते बघत बसले होते. मोरीवर ठेवलेल्या ओल्या गळाची आठवण कुणालाच राहिली नाही.

आम्ही रात्री तिथंच राहिलो. सकाळी तो गळ तांबडा झाला होता. घासलेटात बुडवला असता तर दोन मिनिटांत स्वच्छ झाला असता. मी बाटली पुढं केली, तर मामा म्हणाले, "रवांदे. कालचा पाणी आसा त्येच्यार."

पुढं काही वर्षांनी मामा वारले; त्यानंतर एकदा मी त्यांच्या गावी गेलो होतो. रविवार होता. मामी ओटीवर डबा उघडून बसल्या होत्या आणि एकेक गळ पुसून तेल लावत होत्या. मी जवळ जाताच त्यांनी आधी टॉवेल दिला. वेगळ्या बुचाला टोचलेला तो एक गळ तांबूस-काळा पडला होता, टोक झिजून गेलेलं. खारा वारा त्याला आणखी चार-दोन पावसाळ्यांत संपवणार, हे मामींनाही कळत होतं.

"ह्येका तेल लावूचा नाय," त्या म्हणाल्या. "ह्येंनी सांगितल्यानी हा."

मी हात चांगले कोरडे केले, आणि तरीही त्याला हात लावला नाही.