बिरोबाच्या वळणावरची कोळशाची गाडी

गाडी नांगरटीत डाव्या कुशीवर पडली होती आणि फौजदार गाडी सोडून माझ्याकडे बघत होते.

"फोरमन तुम्हीच ना? ब्रेक कुणी तपासले होते?"

"मी. काल सकाळी. आजही चांगले आहेत."

"तुम्ही म्हणता म्हणून मानायचं?"

"अजिबात नाही. पेडल दाबून बघा, मग माना."

माझं तोंड असंच होतं. आजही आहे. पण तेव्हा दिवस वाईट होते. लढाई चालू होती आणि बेचाळीसनंतर आमच्या सातारा भागात पोलिसांना प्रत्येक गोष्टीत घातपात दिसायचा. तार तुटली, घातपात. गोदामाला आग लागली, घातपात. आता कराडहून विट्याकडे जाणारी आमच्या कंपनीची सर्व्हिस गाडी पालथी झाली होती. नशीब म्हणायचं की रान मऊ होतं. एका म्हातारीचा हात मोडला, एका वाण्याचा पाय, बाकीचे खरचटण्यावर निभावले.

ड्रायव्हर दौलू मात्र सरळ लॉकअपमध्ये गेला. कारण फौजदारांनी विचारलं, "काय झालं?" आणि हा गडी हात जोडून म्हणाला, "माजंच पाप हाय." पोलिसाला आणखी काय पाहिजे? दोन दिवसांत त्याला साताऱ्याला धाडणार होते, आणि त्या दिवसांत साताऱ्याला धाडलेला माणूस कधी परत येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

बैल जुंपून गाडी चाकांवर उभी केली आणि मी तिच्याखाली शिरलो. खरं सांगतो, मलाही सगळ्यांचाच संशय होता. क्लीनरनं नट सैल सोडला असेल. मालकानं दिलेला जुना टायर फुटला असेल. दौलूला डुलकी लागली असेल. माझ्या मते संशयी नसलेला माणूस मेकॅनिक होऊच नये, त्यानं कीर्तन करावं. मी स्टिअरिंगचे जोड बघितले, पाटे बघितले. पाटे म्हणजे चाकावरच्या त्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी झुलते. सगळं जागच्या जागी. चारी टायर टणक. करवतीची खूण कुठंही नाही.

गाडीच्या डाव्या अंगाला मात्र पिवळी पूड होती. खिडक्यांच्या चौकटीत, बाहेरच्या पत्र्यावर, पायरीवरसुद्धा.

"गंधक!" फौजदार म्हणाले. "बाँबला लागतो."

"साहेब, भंडारा आहे. हळद."

"भंडाऱ्यात गंधक मिसळला तर कुणाला कळतंय?"

मी चिमूटभर जिभेवर टाकली. हळदच होती. फौजदारांनी पुडी बांधून तरीही पंचनाम्याला लावली. आमचे मालक बाजूला उभे होते, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तो दौलू फुटला वाटतं कुणाला. तुम्हाला काय वाटतं?" मालकांना स्वतःखेरीज सगळ्यांवर शंका घ्यायची सवय होती.

माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. भंडारा डाव्याच बाजूला का? उजव्या बाजूला बोटभरसुद्धा का नाही?

संध्याकाळी लॉकअपवर गेलो. जमादार ओळखीचे होते, त्यांनी गजापाशी उभं राहू दिलं.

"दौल्या, प्यायला होतास?"

"गळ्यातल्या ताइताची आन. थेंब न्हाई."

"मग कुणाला लपवून नेत होतास?"

"न्हाई वो फोरमनसायब."

"अरे मग पाप कसलं? तुझ्या त्या एका शब्दावर माझ्या ब्रेकवर बालंट आलंय. बोल की, मुडद्या!"

तो गज धरून खाली बसला. मग रडायलाच लागला. एवढा दांडगा गडी, पण हमसून रडला. "सायब, पेट्रोल हुतं तवा मी बिरोबापाशी गाडी हुबी करत हुतो. मानसं भंडारा उधळायची, मी बी हात जोडायचो. कोळसा आल्यापासनं गाडी हुबी करता येत न्हाई. हुबी केली तर म्होरचा चढ चढत न्हाई. आज येक म्हातारा धनगर म्हनला, ड्रायव्हर, नवस हाय, जरा थांब. मी म्हनलं, बाबा, खिडकीतनंच कर. आन् देवानं गाडी पालथी घातली. म्हातारीचा हात मोडला. पाप न्हाई तर काय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आनंदानं.

आता हे जरा समजावून सांगतो. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायचं, म्हणून गाड्यांच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असायची. कोळसा धुमसवून त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. पण अशा गाडीला दम नसतो. चढ आला की आधीच्या उतारावर पळवून घ्यायची आणि त्या पळाच्या जोरावर वर काढायची. बिरोबाच्या देवळाशी नेमकं असंच होतं. आधी उतार, मग उजवीकडे वळण, लगेच चढ. देऊळ वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे डावीकडे.

चालती वस्तू आपणहून वळत नाही. ती सरळच जायला बघते. गाडीला वळवतात ते टायर, रस्ता घट्ट धरून. पण टायर असतात खाली आणि वजन असतं वर. खालचं वळलं आणि वरचं सरळ निघालं की गाडी बाहेरच्या बाजूला कलते. डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई कोपऱ्यावर सावकाश वळते ते उगाच नाही. त्यात आमचे रस्ते पाणी निघून जावं म्हणून मधे उंच आणि कडांना उतरते, गाढवाच्या पाठीसारखे. उजवीकडे वळणारी गाडी आधीच डावीकडे झुकलेली. टपावर लोकरीच्या गाठी, आणि कोळशाची पोतीही टपावर. ती मालकांच्या हुकमानं, कारण आत ठेवली तर चार माणसं कमी बसतात.

एवढं सगळं सोसूनही गाडी रोज जात होती. पण त्या दिवशी गाडी धनगरांनी भरलेली होती आणि देऊळ बिरोबाचं. ऐन वळणावर सगळी गाडी उठून डाव्या खिडक्यांवर पडली असणार, भंडारा उधळायला. गाडीला जेव्हा उजवीकडे वजन हवं होतं, तेव्हाच सगळं वजन डावीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी फौजदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे देवाला नमस्कार केला म्हणून गाडी पडली? ड्रायव्हरला सोडवायचा डाव दिसतोय तुमचा."

"मग तुम्हीच गाडीत बसा आणि बघा."

मालक म्हणाले, "दुसरी गाडीही पाडाल." पण फौजदारांपुढं त्यांचं काही चाललं नाही. तसलीच दुसरी गाडी घेतली. टपावर गाठी आणि पोती चढवली, आत पोलीस भरले. वळणाच्या अलीकडे थांबून क्लीनरकडून उजव्या चाकांना ओला चुना फासून घेतला. चाक रस्त्यावर दाबून चाललं तर पांढरा पट्टा सलग उठेल. चाक उचललं तर पट्टा तुटेल. यात माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण उरत नव्हतं, आणि तेच मला हवं होतं.

गाडी मी स्वतः घेतली. वेग दौलूपेक्षा बराच कमी ठेवणार होतो, मला काही बिरोबाला भेटायची घाई नव्हती. आधी फौजदारांनी सगळ्यांना बजावलं, "कुणी जागचं हलायचं नाही. पुतळ्यासारखं बसायचं. मग दुसऱ्या खेपेला झुका."

उतार लागला. गाडीनं पळ घेतला. मी चाक उजवीकडे वळवलं. देऊळ दिसलं आणि मागून एकच गर्जना झाली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

आरशात बघतो तर सगळेच्या सगळे पोलीस डाव्या खिडक्यांवर. माझ्या बुडाखालून गाडी उचलल्यासारखी झाली आणि मग उजवी चाकं धप्पकन खाली बसली. खोटं कशाला बोलू, माझाही एक हात चाकावरून उठला होता. कसाबसा परत आवळला. चढाच्या माथ्यावर गाडी थांबवली.

"हलू नका म्हणालो होतो!" फौजदार ओरडले.

जमादार उभे राहिले. "आवं सायब, हलायचं न्हाईच म्हनून बसलो हुतो. देऊळ आलं आन् हात आपसूक गेलं. पर सायब..." ते घुटमळले.

"पर काय?"

"तुमी बी टोपी काढलासा की!"

टोपी खरंच त्यांच्या डाव्या हातात होती आणि ते खिडकीकडे सरकलेले होते. त्यांनी ती परत डोक्यावर ठेवली.

आम्ही खाली चालत आलो. पांढरा पट्टा वळणाला लागेपर्यंत सलग होता. देवळासमोर हातभर जागा कोरी, पुढं पुन्हा पट्टा. फौजदार उकिडवे बसले, कोऱ्या जागेवर बोट फिरवलं, बोट बघितलं. चुना कुणी पुसला तर नाही ना, म्हणून मला पुन्हा गाडी मागं न्यायला लावली. त्या खेपेला सगळ्यांना उजव्या बाजूचे गज दोन्ही हातांनी धरायला लावले. "चांगभलं मनात म्हणा," असा सरकारी हुकूम निघाला. नव्या चुन्याचा पट्टा सलग उठला.

दौलू त्याच दिवशी सुटला. गंधकाची पुडी पंचनाम्यात तशीच राहिली असावी. कोळशाची पोती टपावरून आत आली आणि मालक महिनाभर माझ्याशी घुश्शात बोलत होते. देवळाच्या अलीकडे, उतार सुरू व्हायच्या आधी गाडी थांबायला लागली. माणसं उतरायची, चालत देवळाशी जायची, भंडारा उधळायची. रिकामी हलकी गाडी दौलू एका पळात चढावर काढायचा आणि वर त्यांची वाट बघायचा.

लॉकअपमधून बाहेर आल्यावर तो माझ्यासोबत स्टँडपर्यंत चालत आला. तिथं थांबून म्हणाला, "म्हंजे फोरमनसायब, देवानं न्हाई पाडली?"

"नाही रे. देवाला नमस्कार करणाऱ्यांनी पाडली."

त्यानं विचार केला. "आन् मी हात जोडलं असतं तर?"

"तर आज तू लॉकअपमध्येही नसतास आणि माझ्यासमोरही नसतास."

दौलू स्वतःच्या दोन्ही पंज्यांकडे बघत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "मग त्या दिवशी चाक सोडलं न्हाई, ह्येच देवाला पोचलं म्हनायचं," आणि गाडीला हँडल मारायला निघून गेला.

पुढं पुष्कळ गाड्या तपासल्या. ब्रेक बघावेत, पाटे बघावेत, स्टिअरिंग बघावं. आणि रस्त्यात देवळं कुठल्या बाजूला आहेत, तेही विचारून घ्यावं.