दोन मुठींचं इंग्रजी

आधी डावी मूठ वर यायची. "टूथ." मग उजवी. "ब्रश." मग दोन्ही मुठी एकमेकींवर आपटायच्या आणि मावशी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू हा शब्द त्यांनीच आत्ता घडवला आहे. "झाला की नाही एक?"

बरकतपुऱ्यात आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. यजमान सिकंदराबादला रेल्वेत होते, ते वारलेले. एकुलता मुलगा अमेरिकेत. मी हिमायतनगरच्या एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवतो हे कळल्यावर एका रविवारी त्या जिने चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, मला शिकवायचं. नक्को म्हणायचं नाही."

कारण होतं नात. दहा-बारा वर्षांची, मराठी अजिबात न येणारी. फोनवर ती बोलायची ते मुलगा मराठीत सांगायचा, मावशी बोलायच्या ते इंग्रजीत. "माझ्या चार वाक्यांचं तो एक करतो," मावशींची तक्रार. "डिसेंबरात पोरगी येणार. मला तिच्याशी बोलायचंय. मधी कुणी नको."

व्याकरण काढलं की त्यांना जांभया येत. म्हणून मी जोडशब्द घेतले. फुटपाथ, पासबुक, हँडबॅग, बेडरूम. मावशी चकित झाल्या. "हे तर मला येतंच होतं की! मंग तुम्ही काय शिकवायले?"

भेंडीला लेडीफिंगर म्हणतात हे कळल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. "बाईचं बोट? आनि ते चिरायचं?" पण दुसऱ्याच दिवशी गाडीवाल्याला म्हणाल्या, "लेडीफिंगर इव्वु," म्हणजे भेंडी दे. तो तेलुगूत हसला, "एंदम्मा, इंग्लीषा?" "हौ," मावशी म्हणाल्या, "नात येनार हाय."

पुढे त्या स्वतःच शब्द जोडू लागल्या. गजऱ्याला हेअरफ्लॉवर. मी म्हटलं, असा शब्द नाही. "सनफ्लॉवर चालतो, हेअरफ्लॉवर चालत नाही? कुनी ठरवलं?" आपणही अशी माणसं पाहिली असतील, त्यांना चूक दाखवली की आपणच जरा ओशाळतो.

नातीला सांगायची एक गोष्ट त्यांनी ठरवून ठेवली होती. मुलगा लहानपणी दप्तरातली पुस्तकं पिठाच्या डब्यामागे लपवून, मांजराचं पिल्लू घेऊन शाळेत गेला होता. पिल्लू प्रार्थनेच्या वेळी बाहेर आलं. ही गोष्ट इंग्रजीत बसवायला दिवाळीपासून आमचे रविवार गेले. स्कूलबॅग. इनसाइड, कॅट. मावशी एवढ्यावरच हसू लागायच्या आणि पुढचं राहून जायचं.

नात आली. मावशींनी मला बोलावलं. "तुम्ही नुसतं बसा. मी मागितला तरच शब्द द्या."

मुलगा कुठल्याशा कामाला बाहेर गेला होता. पोरगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. तिनं विचारलं, बाबा लहानपणी कसे होते? मावशींचा चेहरा उजळला. हाच प्रश्न हवा होता. "युवर फादर," त्या म्हणाल्या. डावी मूठ वर आली. "स्कूल." उजवी. "बॅग." मुठी टेकल्या. मग त्या थांबल्या. ओठ हलत होते. पोरगी पुढे झुकून वाट बघत होती.

आणि मी बोललो.

सगळी गोष्ट सांगितली. पिठाचा डबा, प्रार्थना, हेडमास्तरांच्या पायाशी जाऊन बसलेलं पिल्लू. छान सांगितली. पोरगी खळखळून हसली, माझ्याकडे बघत. मावशीही हसल्या, पण जरा उशिरा. मग "चहा टाकते" म्हणून उठल्या.

त्यांना अडलं होतं म्हणून मदत केली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. त्यांनी शब्द मागितला नव्हता. अमेरिकेहून आलेल्या त्या मुलीला माझं इंग्रजी ऐकवायचं होतं, म्हणून मी बोललो.

त्यानंतर ती मुलगी आजीला काही विचारायचं असलं की माझ्याकडे वळायची. "आस्क हर, अंकल." मी विचारायचो. मावशी मराठीत थोडक्यात उत्तर द्यायच्या. त्यांच्या चार वाक्यांचं एक करण्याची गरजही उरली नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्या पुन्हा शिकायला वर आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं. "आता कशाला, मास्तर? तुम्ही हायत की बोलायला." आवाजात राग नव्हता. थोडा असता, तर मी खाली जाऊन माफी मागितली असती, असं वाटतं. कुणास ठाऊक. क्लासच्या नव्या बॅचेस सुरू झाल्या होत्या आणि मी गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. झोपेतच.

महिन्याभरानं त्या नातीचा फोन आला. आता ती कॉलेजात आहे. आजीबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून मला केला, म्हणाली. बोलता बोलता तिनं इंग्रजीतच विचारलं, "अंकल, आम्ही आलो होतो तेव्हा आजी माझ्याशी बोलायचीच नाही. तिला मी आवडले नव्हते का?"

सगळी हयात मी इंग्रजी बोलायला शिकवण्यात घालवली. मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द शोधत राहिलो. पलीकडे ती थांबली होती. बराच वेळ. मला अडलं आहे हे तिला कळत असावं, पण ती मध्ये एक शब्दही बोलली नाही.