बक्षिसाचा डबा

तुमच्या आईला वाटतं, माझ्या हातून कधी काही चुकलंच नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

नव्वदच्या आसपास अंबरनाथ पश्चिमेला आमच्या महिला मंडळानं सुदृढ बालक स्पर्धा घेतली. मुलं तोलायला वाण्याचा तराजू आणला. नियम मी टाईप केले, आणि बक्षीसही मीच ठरवलं: दुधाच्या पावडरीचा मोठा डबा. पहिला आला आठ महिन्यांचा एक गोळा. बाप आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला होता.

"काय देता याला?" मी माइकवरून विचारलं.

"अंगावरचं दूध, अन् नाचणीची पेज," आई लाजत म्हणाली.

टाळ्या झाल्या आणि आम्ही तिच्या हातात पावडरीचा डबा ठेवला. व्यासपीठावर आम्ही पाच पदवीधर बायका होतो. एकीलाही त्यात काही खटकलं नाही.

दीड महिन्यानं अहवालासाठी फोटो हवा म्हणून त्यांच्या चाळीत गेले. गोळ्याच्या मांड्यांच्या वळ्या गेल्या होत्या. बाटलीत पांढुरकं पाणी.

"किती चमचे घालतेस गं?"

"एक. वाढदिवसापर्यंत पुरवायचाय ना डबा."

"आणि अंगावरचं? पेज?"

"अंगावर रात्री तेवढं पाजते. पेज बंदच केली. तुम्ही दिलंत, म्हणजे हेच चांगलं असणार."

फळीवर, देवाशेजारी, डबा हळदकुंकू लावून बसवलेला होता. मी तो उतरवून त्यावरच्या इंग्रजी सूचना मराठीत वाचून दाखवू लागले, तशी तिची सासू म्हणाली, "ओ बाई, पावडरीनं नाय वाळला तो. तुम्ही चारचौघांत तराजूत घातलात, तिथंच दृष्ट लागली."

"तरी डबा परत द्या, आजी."

"वा! बक्षीस परत मागता? मग आमचं पोर पहिलं आलं ते काय खोटं?"

मी वकिलासारखी पाऊण तास बोलले. उपयोग शून्य. शेवटी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, दृष्ट पोराला नाही, डब्याला लागलीय. दुसरा नंबर आला ना, त्या पोराच्या आईची नजर सारखी डब्यावरच होती. मी बघितलं."

सासू सुनेवर कडाडली, "बघत काय बसलीस? टाक तो ह्यांच्या पिशवीत. अन् पेज ठेव स्टोव्हवर!"

निघताना तिनं माझ्यावरून आणि पिशवीवरून मीठमिरच्या ओवाळल्या. मी पिशवी नीट पुढे धरली. उरलेली पावडर मंडळाच्या बैठकीत चहात संपली.

महिन्याभरानं पुन्हा गेले. सासू वजनाचं नाव काढू देईना. तिनं पोर धपकन माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. पाच मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. मी जागची हलले नाही.