राजाची एक उडी

“मांगचा दरवाजा कुठी निंगते?”

कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच असे. पाणी नंतर, बसणं नंतर, बिघडलेला टीव्ही तर त्याच्याही नंतर. आमच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा तो स्वयंपाकघरातून सरळ मागच्या अंगणात गेला, कुंपणाचं फाटक उघडून पाहिलं, लावलं, आणि मग येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला. आमच्या सौभाग्यवतींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हा दुरुस्तीला आलाय की घरफोडीला?”

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भित्रा म्हणून गावभर ठाऊक, आणि त्याबद्दल त्याची स्वतःची काही तक्रार नाही. आम्ही हसायचो. पण नव्वदीच्या दशकात, कुरखेड्याच्या पुढच्या त्या जंगलातल्या गावात, भिण्यासारखं पुष्कळ होतं आणि हसणाऱ्यांनाही ते आतून माहीत होतं. दिवसा पोलीस येत. दिवस कलला की जंगलातले बंदूकवाले येत. लोक त्यांना ‘दादा लोक’ म्हणत, तेही आवाज खाली करून. त्यांच्यासाठी भात कोणी रांधला हे पोलीस विचारत, आणि पोलिसांशी कोण काय बोललं हे ते विचारत. मी गुरांचा डॉक्टर. गाय कोणाची हे मी विचारत नसे. मिस्त्री रेडिओ आणि टेप दुरुस्त करी, तोही विचारत नसे.

“सेट कोनाचा हाये, आपल्याले काय करा लागते, डॉक्टरसाहेब? बीमारी काय तेवढी सांगा.”

आमची ओळख दाट झाली ती कॉम्प्युटरमुळे. माझ्या भाच्याने नागपूरहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवून दिला होता. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्डच. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटमधून त्यात भरायचा. टेपरेकॉर्डर लावला की त्यातून असा कर्कश किंचाळता आवाज निघे की दवाखान्याच्या आवारातली जनावरं दावं ओढू लागत. आवाज कमी केला तर खेळ भरत नसे. मिस्त्रीने टेपचं हेड पुसून, स्क्रू फिरवून तो चालू केला. कॅसेटवर खेळ एकच होता, बुद्धिबळाचा.

मिस्त्री हरखला. राजुऱ्याला त्याचे अब्बा शिंपीकाम करत. गिऱ्हाईक नसलं की ते मशीनच्या पाटावर पट मांडून पोराला खेळायला बसवत. तेव्हापासून त्याला हा नाद. दुकान बंद केलं की तो आमच्याकडे येई, मागचं फाटक बघून घेई आणि टीव्हीसमोर बसे. खेळायचा फार वाईट. वजीर तर असा उधळून टाकायचा की बघवत नसे. हरला की मात्र मशीनच्या हुशारीवर मान हलवून म्हणायचा, “बह्याड नाई हा डब्बा.”

एकदा त्याचा राजा कोपऱ्यात सापडला. मिस्त्रीने बटणं दाबली. मशीनने ‘बीप’ केलं आणि चाल नाकारली. पुन्हा दाबली, पुन्हा बीप. दुसऱ्या दिवशी येताना तो पेचकस घेऊनच आला.

“डॉक्टरसाहेब, याची उडी खराब हाये.”

मी काही म्हणायच्या आत त्याने कीबोर्ड उलटा करून खोलला. माझ्याच दवाखान्यातला कापूस आणि स्पिरिट घेऊन एकेक बटण पुसलं. मग उलगडा झाला. त्याच्या अब्बांच्या देशी खेळात राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. अट एकच. तोवर त्याला शह बसलेला नसावा. शह बसला की उडी मेली, असं अब्बा म्हणत. मी त्याला सांगितलं, की मशीन परदेशी नियमाने खेळतं, त्यात ही उडी नाही. मिस्त्रीने पडद्यावरच्या राजावर बोट ठेवलं.

“मंग याचा राजा भेला तं जाईन कुठी?”

मला तेव्हा हसू आलं.

तेंदूपानाच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी, मिस्त्री भर दुपारीच दुकान बंद करून आला होता आणि आम्ही खेळ भरत होतो. टेप नेहमीसारखी किंचाळत होती. बाहेरून पोलिसांची तुकडी चालली होती. दोन शिपाई दारातून आत आले, मागून त्यांचे नवे फौजदार. समोर टीव्हीवर रंगीत पट्टे थरथरतायत, टेपमधून चिरका आवाज, सगळीकडे वायरी, आणि हातात पेचकस घेतलेला एक माणूस मागच्या दाराकडे बघतोय.

“वायरलेस कोणाचा आहे?” फौजदारांनी विचारलं.

मी पुष्कळ सांगितलं. सरकारी नोकर म्हणून माझं थोडंफार ऐकलंही. पण आमच्या त्या भागात अशा आवाजाचा दुसरा अर्थ कोणाला सुचणार? जंगलातले लोक एकमेकांना निरोप पाठवतात तो आवाज हाच, असं फौजदारांनी ठरवून टाकलं. सामान उचललं, मिस्त्रीला उचललं. मी मागोमाग गेलो. भर बाजारातून आमची वरात चौकीवर गेली.

“साहेब, बुद्धिबळ हाये ते,” मिस्त्री एवढंच म्हणत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“दाखव मग.”

चौकीतला टीव्ही व्हरांड्यात आणला. मिस्त्रीने वायरी जोडल्या. आवाज बरोबर जमला तरच खेळ भरणार, आणि त्याच्या बोटांत तर बटण ठरत नव्हतं. टेप किंचाळू लागली. सगळे शिपाई गोल करून उभे. पट्टे फिरत राहिले आणि शेवटी पडदा कोरा झाला. खेळ भरला नव्हता.

फौजदारांनी नजरेने खूण केली. एक शिपाई येऊन मिस्त्रीच्या मागे उभा राहिला. खेळ भरलाच नाही तर या माणसाचं काय करतील, हा विचार मला पुरा करवेना. मिस्त्रीने कॅसेट काढली, सदऱ्याला पुसली, पुन्हा लावली. या वेळी त्याने डोळे मिटून नुसत्या कानाने बटण फिरवलं.

पडद्यावर पट उमटला. काळी-पांढरी घरं, राजा, वजीर, सगळी प्यादी.

फौजदार हसले. मोठ्याने हसले. त्यांनाही खेळाचा नाद निघाला. खुर्च्या आल्या, चहा आला. मिस्त्रीला शेजारी बसवून त्यांनी दोन डाव खेळले. मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. व्हरांड्याच्या समोर बाजार होता आणि बाजार थांबून आमच्याकडे बघत होता. गावोगावची माणसं. मिस्त्री साहेबांच्या शेजारी खुर्चीवर, हातात चौकीचा चहा.

निघताना फौजदारांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फाटकापर्यंत सोडलं. “येत जा मिस्त्री, खेळू.” त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, “सुटलास रे बाबा.”

“अंदर गेल्तो तवा एक भेव होतं, डॉक्टरसाहेब. आता दोन झाले.” त्याने मागे वळून बाजाराकडे पाहिलं. “सगळ्या बाजारानं पाह्यलं. शह बसला.”

त्याच आठवड्यात लोक आपापले रेडिओ परत न्यायला लागले, दुरुस्त असोत की नसोत. एक अनोळखी तरुण मात्र सेट ठेवायला आला आणि सहज विचारावं तसं विचारून गेला, “साहेबासंग काय खेळता म्हने तुमी?” आणि चौकीतून शिपाई येई, “साहेब बोलावून राह्यले खेळाले.” गेला तर जंगलातले खबऱ्या समजणार. नाही गेला तर पोलीस पुन्हा पहिल्या संशयावर येणार. तो कधी जाई, कधी ताप आल्याचं सांगे. ताप खोटा नसावा. त्याचा हात हातात घेतला की गरम लागे.

घरी त्याची बायको आणि लहान पोरी. मी त्याला म्हणालो, “भाभीला आणि पोरींना घे, राजुऱ्याला जा. आजच जा.”

“लोकाचे सेट पडून हायेत, साहेब. तसाच गेलो तं म्हनतीन, सेट घेऊन पयाला, चोर होता.”

“म्हणू देत.”

“आन् आता उडी कुठी राह्यली? शह तं बसला.”

मला त्याचा राग आला. भ्यायचं तेवढं आयुष्यभर भिऊन घेतलं, आणि पळायची वेळ आली तेव्हा हा अब्बांचा नियम पाळत बसला होता. मी ओरडलो, “हा खेळ नाहीये, मिस्त्री!” तो दचकला. मग हळूच म्हणाला, “हां. खेळात तं डाव पुन्हा मांडता येते.”

त्या संध्याकाळी तो एकच डाव खेळला. राजा कोपऱ्यात गेल्यावर त्याने उडीची बटणं दाबून पाहिली. बीप. तो उठला आणि पुढच्या दाराने न जाता मागच्या फाटकाने गेला. आमच्या हिने फाटक लावलं नाही. रात्रभर उघडंच ठेवलं.

सकाळी दुकानाला आतून कडी होती. हाका मारूनही कोणी ओ देईना. दुकानामागेच तो राहायचा, आणि एवढ्या घरांचे मागचे दरवाजे विचारणाऱ्या या माणसाच्या घराला मागचा दरवाजाच नव्हता. मी वळसा घालून मागे गेलो. कुडाच्या भिंतीला खाली, बसून निघता येईल एवढं भोक पाडलेलं होतं. बांबू करवतीने कापले होते, आणि पोरींना लागू नये म्हणून त्यांची टोकं कानसून गुळगुळीत केली होती. आत फळीवर लोकांचे रेडिओ ओळीने, सगळे जोडून, पुसून ठेवलेले. भोकासमोर धानाचे मोकळे बांध. त्यांवर कोणी नव्हतं.

दुपारपर्यंत शिपाई विचारून गेला, मिस्त्री कुठे आहे. संध्याकाळी तो अनोळखी तरुण आपला सेट न्यायला आला आणि त्यानेही तेच विचारलं. मी दोघांनाही खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. पुढे बदली झाल्यावर मी राजुऱ्याला जाऊन आलो. तिथे ते कोणी पोचलेच नव्हते. दुसरीकडे कुठे पोचले, की पोचलेच नाहीत, ते मला अजून कळलेलं नाही. भीती वाटते म्हणून मी फार विचारतही नाही.

आता नात माझ्याबरोबर पट मांडून बसते. ती क्लासला जाते, नियम तिला पाठ आहेत. परवा मी तिला शह दिला, आणि तिच्या राजाला जायला जागा उरली नाही, तेव्हा मीच तिचा राजा उचलून घोड्याच्या चालीने पलीकडे ठेवला.

“आजोबा, असं चालत नाही.”

“चालतं,” मी म्हणालो. “आपल्या घरात शह बसल्यावरसुद्धा राजाला एक उडी आहे.”