वाघजाईचं तोंड

माझ्या सासूबाई विठाबाई कुणाच्या बापाला भीत नसत. पण चैत्रात वाघजाईची जत्रा आली की त्यांचं घरात मन लागायचं नाही. मी वाढले लोणावळ्याच्या तुंगार्लीत, बंगल्यांमागच्या नोकरांच्या खोल्यांत. लग्न होऊन आंदर मावळातल्या त्या गावात आले, तेव्हा मला तिथलं काहीच धड वाटलं नव्हतं. सासू मात्र पहिल्याच दिवशी आवडली. बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाल्या, "रतन, तुजा नवरा शिकलाय. पर त्याचं समदंच ऐकत जाऊ नगंस."

नवरा म्हणजे गोरख, लोणावळ्याला रेल्वेत कामाला.

सासूबाईंच्या तरुणपणी जत्रेआधी देवळाचं अंगण सारवायचं काम आमच्या वस्तीतल्या बायकांकडे असे. अंगण सारवायचं, पण पायरीला शिवायचं नाही. काम उरकलं की चिंचेखालच्या दगडापाशी उभं राहायचं. तिथून दारातून समईची ज्योत तेवढी दिसे, देवी दिसत नसे. त्यांची मैत्रीण पुतळाबाई वरच्या वाडीतली, ठाकर आदिवासींची. तिला आत जायला आडकाठी नव्हती. ती बाहेर आली की या विचारायच्या, "आईचं तोंड कसं हाय गं?" पुतळाबाई एका साली सांगायची हसरं, दुसऱ्या साली सांगायची रागीट. "नीट बघत जा की, डोळे हायती ना?" म्हणून या तिच्यावर करवादायच्या.

छप्पन्न साली वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले टाक टोपलीत घालून नदीच्या डोहात सोडले. टोपली सासूबाईंच्याच डोक्यावर होती आणि ती त्यांनी मनापासून नेली. मेलेली ढोरं ओढणं सुटलं, शिळ्या तुकड्यासाठी दारोदार फिरणं सुटलं. "त्या दिशी मान ताठ झाली ती झाली," असं त्या सांगत. हे मी मुद्दाम सांगते, कारण गावातले काही दीडशहाणे म्हणत की म्हातारीचा जीव जुन्या धर्मात अडकलाय. अडकलाय कसला! वंदना त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. एक तोंड बघायचं राहून गेलं होतं, एवढंच.

देऊळ सगळ्यांना खुलं, असा कायदा कधीचाच झाला होता. आमच्या गावाला एसटी उशिरा आली, कायदा तिच्याही मागून आला. एका चैत्रात सरपंच निवृत्ती स्वतः दारात येऊन म्हणाले, "विठामावशी, यंदा आत चला. कुनी आडवनार न्हाई."

सासूबाईंनी त्यांना बसायला घोंगडी टाकली. म्हणाल्या, "निवृत्ती, मला यायचं हुतं तवा तुमी येऊ दिलं न्हाई. आता येऊ देताय, तर मी दीक्षेत शबूद देऊन बसलेय."

सरपंचांना तो ताठा वाटला. गोरखला आईचा कोण अभिमान! पण जत्रेच्या दिवशी आई पुन्हा त्याच दगडापाशी उभी दिसली आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, तिथं उभं राहायचं नाही आता. आपण दीक्षा घेतलीय."

"हात कुटं जोडलेत? नुसती उभी हाय."

"आत जायचा हक्क आहे तुला, आणि न जायचाही. हे मधेच उभं राहणं काय?"

मलाच राग आला. "झाडाखाली उभं राहायला तरी कायदा काढू नका," मी म्हणाले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात देवीची खोळ सुटली. मूळ देवी म्हणजे पाषाण. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढतात, त्या थरांचंच तोंड होतं, आणि कधीतरी ते सगळं जाड कवच दगडापासून सुटतं. मग चांदीचे डोळे काढून घेऊन ते नदीत सोडायचं, अशी रीत. गावातले पुरुष ते कापडाखाली झाकून घेऊन गेले. थोड्या वेळानं पुतळाबाई धापा टाकत आमच्या दारात आली.

"विठे, चल. आईला डोहात सोडलंय. पानी आटलंय, गुडघाभर न्हाई. बघून घे एकदाची."

आम्ही तिघी गेलो. शेंदराचं ते तोंड पाण्यात उताणं पडलं होतं. डोळ्यांच्या जागी दोन खळगे. हसरं म्हणावं तर हसरं, रागीट म्हणावं तर रागीट. पुतळाबाई इतकी वर्षं खोटं बोलत नव्हती.

"पाया पड की," ती हळूच म्हणाली. "हितं कोन बघतंय?"

सासूबाई पाया पडल्या नाहीत. लुगडं वर खोचून पाण्यात उतरल्या आणि लेकराचं तोंड पुसावं तसा त्यावरचा गाळ हातानं पुसला.

"हिलाबी भायेर काढली व्हय," म्हणाल्या. "आमचे टाकबी हितंच सोडल्यात."

"बघितलंस न्हवं? झालं आता समाधान?"

सासूबाई पाण्यातच उभ्या राहिल्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण धीर झाला नाही.

"न्हाई गं पुतळे," त्या म्हणाल्या. "मला आत जायाचं हुतं. ही आत हुती तवा."